प्रश्न वाचकांचे : यझ्द, मातीचे शहर आणि मोजलेले पाणी

उन्हाळ्याच्या अंकात बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याविषयी, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यातून पाणी आणणाऱ्या तेथील जुन्या व्यवस्थेविषयी, या सदरात चार ओळी लिहिल्या होत्या आणि ‘हे तंत्र इराणातील यझ्दच्या बाजूचे’ असे त्यात ओघाने म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच शहराला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मे महिन्यात नातवंडांना घेऊन बुऱ्हाणपूरला गेले होते. कुंडी भंडाऱ्यात खाली उतरून ते गार पाणी आणि भिंतींवर चढलेला चुन्याचा पांढरा थर पाहिला. धाकट्या नातवाने विचारले, ‘‘आजी, वाळवंटात पाऊसच नाही तर विहिरीत पाणी कुठून येतं?’’ मी भूगोल शिकवण्यात तीस वर्षे काढली, तरी नीट उत्तर देता आले नाही. यझ्द नेमके कोठे आहे आणि तेथे शहर वसले तरी कसे? (एक निवृत्त शिक्षिका, रामबाग, इंदूर)

उत्तर : नातवाचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, यझ्दमध्ये जे जे पाहण्यासारखे आहे, त्याची सुरुवात याच प्रश्नाच्या उत्तरापासून होते.

यझ्द हे इराणच्या मध्यभागी, इस्फहानच्या आग्नेयेस सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांवर असलेले, त्याच नावाच्या प्रांताचे राजधानीचे शहर आहे. २०१६ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या थोडी वर भरली. उत्तरेकडे दश्त-ए-कवीर हे मिठाचे वाळवंट, आग्नेयेकडे जगातील अतितप्त प्रदेशांत गणले जाणारे दश्त-ए-लूत, आणि नैर्ऋत्येला चार हजार मीटरांच्या वर शिखर असलेला शीरकूह पर्वत, अशा बेचक्यात समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर उंचीवर हे शहर बसले आहे. वर्षभरात तेथे पाऊस पडतो तो पन्नास-साठ मिलिमीटर. इंदुरात ही सरासरी साडेनऊशेच्या आसपास आहे. म्हणजे यझ्दला बारा महिन्यांत जितके मिळते तितके आपल्याकडे जुलैतील एखाद्या दमदार रात्रीत पडून जाते आणि सकाळी आपण रस्त्यावर साचलेल्या पाण्याची तक्रार करतो.

पाणी येते ते शीरकूहवरून. हिवाळ्यात त्या पर्वतावर बर्फ पडते, ते वितळून डोंगराच्या पायथ्याशी साठलेल्या दगडगोट्यांच्या आणि वाळूच्या जाड थरांत मुरते आणि तेथे जमिनीखाली साठून राहते. हे पाणी उघड्या कालव्याने शहरापर्यंत आणायचे म्हटले तर वाटेत त्यातले बरेचसे ऊनच पिऊन टाकील. म्हणून जे पाणी जमिनीच्या पोटात आहे ते पोटातूनच आणावे, या विचारातून कनात जन्माला आली. (आपण तंबूच्या कापडी भिंतीला कनात म्हणतो, ती ही नव्हे.) इराणच्या पूर्वेकडे, अफगाणिस्तानात आणि बलुचिस्तानात हिलाच कारेझ म्हणतात.

कनात खोदण्याची रीत अशी. डोंगराच्या उतारावर पाणी लागेपर्यंत एक खोल विहीर प्रथम घेतात. तिला मादर चाह, म्हणजे मातृविहीर म्हणतात. मग पाणी जेथे उघड्यावर आणायचे त्या खालच्या टोकाकडून तिच्या दिशेने, माणूस जेमतेम वाकून चालेल एवढा बोगदा खणत नेतात. बोगद्याचा उतार अतिशय बेताचा, हजार मीटरांना एखादा मीटर इतकाच ठेवावा लागतो, कारण तो जास्त झाला तर वाहते पाणी तळ खरवडून बोगदा ढासळवते आणि कमी झाला तर गाळ बसतो. खोदलेली माती वर काढण्यासाठी आणि खालच्या माणसाला हवा मिळण्यासाठी थोड्या थोड्या अंतरावर उभे झरोके पाडतात. प्रत्येक झरोक्याच्या तोंडाशी उपसलेल्या मातीचे कडे तयार होते, त्यामुळे विमानातून पाहिले तर वारुळांची लांबच लांब रांग वाळवंटातून शहराकडे निघाल्यासारखी दिसते. बुऱ्हाणपुरात ज्यांना आपण कुंड्या म्हणतो, ते हेच झरोके. पुण्याच्या जुन्या कात्रज नळावर ‘उच्छ्वास’ म्हणून जे मनोरे आहेत ते ज्यांनी पाहिले असतील, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही.

हे काम करणाऱ्या कारागिराला मुकन्नी म्हणतात आणि यझ्दचे मुकन्नी साऱ्या इराणात नावाजलेले होते. दिव्याच्या उजेडात, गुडघ्यांवर बसून, छत कधी कोसळेल याचा भरवसा नसताना त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हेच करायचे असे. ते पांढरे कपडे घालून खाली उतरत; अंधारात चटकन दिसावेत म्हणून, आणि वर येणे झाले नाही तर तेच कफन ठरावे म्हणूनही, असे सांगतात. यझ्दची झार्च कनात शहराच्या आग्नेयेकडून निघून शहराच्या खालून जाते आणि वायव्येकडील झार्च गावाशी उजेडात येते. तिची लांबी सत्तर किलोमीटरांहून अधिक आहे. जामे मशिदीच्या आवारातून पायऱ्या उतरून या कनातीच्या पाण्यापर्यंत जाता येते. अशा पायऱ्यांच्या वाटेला तेथे ‘पायाब’ म्हणतात आणि मोठ्या घरांतूनही ती असे. युनेस्कोने २०१६ मध्ये इराणातील अकरा कनाती जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, त्यांत झार्चची कनात आहे.

आता खोदकामापेक्षाही मला जे अधिक मोलाचे वाटते त्याकडे येतो. कनातीतून रात्रंदिवस पाणी वाहत असते, पण ते थोडे असते आणि मागणारे पुष्कळ असतात. मग कोणाला किती? यझ्दकडे जमिनीपेक्षा पाण्याच्या पाळीला किंमत होती. ती विकली जाई, वारशाने मिळे, लेकीला दिली जाई, मशिदीच्या नावे दान केली जाई. हा हिशेब ठेवणारा मीर-आब पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडून बसे. वाटी भरून बुडाली की एक माप झाले. ज्याच्या वाट्याला जितकी मापे, तितका वेळ पाट त्याच्या वाफ्याकडे. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना येथे घटिकापात्र आठवल्याशिवाय राहणार नाही. लग्नघरात गुरुजी घंगाळात वाटी सोडून बसत आणि ती बुडली की ‘घटिका भरली’ म्हणून अंतरपाट दूर होई, तेच हे यंत्र. फारसीत अशा वाटीला तास म्हणतात आणि घड्याळातला आपला तास हाही त्याच घराण्यातला शब्द आहे. आपण ती वाटी मुहूर्तासाठी सोडत होतो. यझ्दमध्ये ती अर्ध्या रात्री, थंडीत, डाळिंबाच्या झाडांना पाणी देण्यासाठी सोडली जाई आणि तिच्यापाशी झोप लागलेल्या माणसाला गाव क्षमा करीत नसे.

बुऱ्हाणपूरचा भंडारा १६१५ च्या सुमारास, जहांगीरच्या कारकिर्दीत, अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या पुढाकाराने झाला आणि त्याची आखणी एका इराणी भूजलतज्ज्ञाने केली. तेथे सातपुड्यात मुरलेले पावसाचे पाणी तापीकडे जाताना वाटेत अडवले आहे. शीरकूहच्या बर्फाच्या जागी सातपुड्याचा पाऊस ठेवला की बाकी युक्ती तीच. नातवाला एवढे सांगितले तरी पुरे होईल असे वाटते.

प्रश्न : ‘यझ्द’ या नावाचा अर्थ काय? आणि उच्चार नेमका कसा करावा? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ‘झेब्रा’मधला झ आणि त्याला लागून द, मध्ये स्वर नाही. अवेस्तेतील, म्हणजे जरथुष्ट्री धर्मग्रंथातील, ‘यझत’ म्हणजे पूजनीय, आणि संस्कृतातील ‘यजत’ हा त्याचा सख्खा भाऊ. यज्ञ, यजमान, याजक हे त्याच ‘यज्’ धातूचे शब्द. शहराच्या नावाचे नाते या शब्दाशी लावतात, तसेच इस्लामपूर्व इराणातील सासानी घराण्याच्या यझ्दगिर्द या नावाच्या राजाशीही लावतात. पण त्या राजाच्या नावाचा पूर्वार्धही तोच असल्याने वाट फिरून एकाच धातूपाशी येते.

जुन्या पेठेत ‘सिकंदराचा तुरुंग’ म्हणून एक घुमटाकार वास्तू दाखवतात. ती खरे तर मध्ययुगीन मदरसा आहे आणि सिकंदराशी तिचा काही संबंध नाही. प्रत्येक जुन्या गावात एखादी जागा पांडवांनी एका रात्रीत बांधलेली असते, त्यातलाच हा प्रकार.

प्रश्न : आमच्या शेजारी एक पारशी कुटुंब आहे. ते स्वतःला ‘इराणी’ म्हणवतात, ‘पारशी वेगळे, आम्ही वेगळे, आम्ही यझ्दचे’ असे सांगतात. दोघांचा धर्म एक, मग फरक कशाचा? आणि यझ्दमध्ये दीड हजार वर्षे न विझलेला अग्नी आहे हे खरे का? (एक वाचक, महू)

उत्तर : फरक येण्याच्या काळाचा आहे. पारशांचे पूर्वज हजाराहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रमार्गे गुजरातच्या किनाऱ्यावर, संजाणला उतरले आणि हळूहळू गुजराती बोलू लागले. आपल्या शेजाऱ्यांचे पूर्वज मागे राहिलेल्यांपैकी. इराणात इस्लाम रुजल्यावर जरथुष्ट्री समाज आकसत गेला आणि अखेर मुख्यतः यझ्द आणि केरमान या दोन वाळवंटी प्रांतांत उरला. तेथून त्यांच्यातील अनेक जण एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात मुंबईला आले. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांचे मूळ यांच्यातच आहे, मात्र त्या हॉटेलवाल्यांत यझ्दकडचे मुसलमानही होते हे सहसा कोणी सांगत नाही.

मधल्या शतकांत दोन्ही शाखांचा संबंध अगदीच तुटला होता असेही नाही. १४७८ मध्ये भरूचचे नरिमान होशंग धर्मविधींविषयीचे प्रश्न घेऊन यझ्दला गेले आणि तेथील पुरोहितांची लेखी उत्तरे घेऊन परतले. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे असे प्रश्न जात राहिले आणि उत्तरे येत राहिली. प्रश्नोत्तरांचे सदर चालवणाऱ्या माणसाला या पत्रव्यवहाराविषयी थोडा जिव्हाळा वाटला, तर वाचकांनी समजून घ्यावे.

मागे राहिलेल्यांचे दिवस कठीण होते. जिझिया तर होताच, शिवाय रस्त्यात मुसलमानासमोर घोड्यावर बसू नये, घर उंच बांधू नये, असे निर्बंध होते. यझ्दच्या उन्हाळ्यात ज्याच्याशिवाय जगणे अवघड, तो वारा खेचणारा मनोरा, म्हणजे बादगीर, त्यांनी घरावर उभारू नये असाही एक होता. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये सुरतेकडचे मानेकजी लिमजी हातारिया यांना आपला प्रतिनिधी म्हणून इराणला पाठवले. त्यांना त्या वेळी यझ्दच्या परिसरात साडेसहा हजारांच्या आसपास जरथुष्ट्री आढळले. हातारियांनी तेथे शाळा काढल्या, पडझड झालेली धर्मस्थाने दुरुस्त करवली आणि जिझियासाठी तेहरानच्या दरबारात वर्षानुवर्षे खेटे घातले. अखेर १८८२ मध्ये नासिरुद्दीन शाहाने तो रद्द केला. एका परक्या देशातील दरबारात अठ्ठावीस वर्षे चिकाटी धरणारा हा माणूस आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही, याची मला नेहमी रुखरुख वाटते.

अग्नीविषयी. यझ्दच्या आतश बहरामची, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या अग्निमंदिराची, आजची इमारत १९३४ ची आहे आणि तिच्यासाठी भारतातील पारशांनी पैसा पुरवला. समोर गोल हौद, दर्शनी भागावर फरवहर या जरथुष्ट्री चिन्हाची पंख पसरलेली आकृती, आणि आत काचेपलीकडे मोठ्या धातूच्या पात्रात धगधगणारा अग्नी, असे तिचे स्वरूप असून इतर धर्मीयांनाही काचेतून तो पाहता येतो. भारतातील अग्यारीत परधर्मीयांना प्रवेश नसतो, त्यामुळे आपल्या शेजाऱ्यांना हे ऐकून नवल वाटू शकेल. परंपरेनुसार हा अग्नी इ. स. ४७० च्या सुमारास प्रज्वलित झाला आणि तेव्हापासून अखंड आहे. संकटे आली तसा तो एका जागेहून दुसऱ्या जागी, काही काळ अर्दकानजवळच्या खेड्यांत, जपत नेला गेला आणि पंधराव्या शतकात यझ्दमध्ये आला. या सर्वोच्च दर्जाचे अग्नी जगात नऊच आहेत. त्यांपैकी आठ भारतात आहेत, मुंबईत चार, सुरतेत दोन, नवसारी आणि उदवाडा येथे एकेक, नववा यझ्दचा.

शहराबाहेर दोन उजाड टेकड्यांवर दख्मे, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या गोल वास्तू, आहेत. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत ती प्रथा तेथे बंद पडली आणि आता दफन करतात. यात्रेचे मोठे ठिकाण आहे ते ‘चक-चक’, शहरापासून सत्तर-एक किलोमीटरांवर, उघड्याबोडक्या कड्यातील एक गुहा, जिच्या छतातून पाणी ठिबकत असते. शेवटच्या सासानी राजाची कन्या पाठलाग चुकवीत तेथे आली आणि डोंगराने तिला पोटात घेतले अशी कथा आहे. आपण टपटप म्हणतो तेथे फारसीत चक-चक; देवस्थानाचे नावच पाण्याच्या थेंबाचा आवाज आहे.

प्रश्न : वडील मालवा मिलमध्ये होते. मार्को पोलोने यझ्दच्या कापडाची स्तुती केली असे कोठेतरी वाचले. वाळवंटात कापडाचा धंदा कसा चालला? आणि स्वाऱ्यांत हे शहर कसे वाचले? (एक वाचक, परदेशीपुरा, इंदूर)

उत्तर : मार्को पोलो १२७२ च्या सुमारास तेथून गेला आणि ‘यझ्दी’ नावाच्या रेशमी कापडाचा व्यापारी दूरवर व्यापार करतात असे त्याने नोंदवले आहे. कनातीच्या थोड्या पाण्यावर गहू पिकवून पोट भरणे कठीण, पण त्याच पाण्यावर तुतीची झाडे वाढवली, घरोघर माग टाकले आणि उंटांवरून नेता येईल असा हलका, महाग माल काढला, तर धान्य विकत आणता येते. शेतीला पाणी थोडे असले की हात मागाकडे वळतात, हे महेश्वर किंवा चंदेरी पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून द्यायला नको. तेर्मे नावाचे, काश्मिरी शालीसारखी बुट्टी असलेले भरजरी कापड आजही यझ्दची ओळख आहे. यंत्रमाग आल्यावर हातमागांचे काय झाले, ते आपल्या वडिलांना कोणी सांगण्याची गरज नाही. अलीकडे प्रांताची कमाई पोलाद, फरशी आणि बाफ्कजवळच्या लोहखनिजाच्या खाणींवर अधिक अवलंबून आहे.

स्वाऱ्यांविषयी म्हणायचे तर शहराला एक सोय होती : ते कोणाच्या वाटेवर नव्हते, आणि वाळवंट ओलांडून येणाऱ्या फौजेला तेथे लुटण्यासारखे पीक नव्हते. त्यात राज्यकर्तेही व्यवहारी निघाले. १०५१ मध्ये सेल्जुक सुलतान तुघ्रिलने इस्फहान घेतले आणि तेथील काकुयी राजाला त्याच्या बदल्यात यझ्द देऊ केले. राजधानी गमावलेल्या त्या घराण्याने या आडबाजूच्या गावात मन लावून बांधकामे केली. पुढे मंगोलांच्या लाटेत निशापूर आणि मर्व बेचिराख झाली, पण यझ्दच्या अताबेगांनी, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक राज्यकर्त्यांनी, वेळीच मांडलिकी पत्करली आणि शहर शाबूत राहिले. पळून आलेल्या कारागिरांना आसरा मिळाला. जामे मशिदीचे आजचे भव्य प्रवेशद्वार चौदाव्या शतकातील. तिचे निळ्या फरशांनी मढवलेले जोडमनोरे पन्नास मीटरांच्या आसपास उंच असून इराणातील सर्वांत उंच मनोऱ्यांत मोडतात. पंधराव्या शतकात तैमुरी सुभेदार अमीर चखमाक आणि त्याची पत्नी यांनी मशीद, हौद आणि बाजार असा मोठा चौक उभारला. त्या चौकात नख्ल नावाचा, पिंपळपानाच्या आकाराचा एक अजस्र लाकडी सांगाडा उभा असतो. मोहरमला काळ्या कापडाने मढवून असे नख्ल खांद्यांवर उचलण्याची तेथे चाल आहे. राजवाड्याला फेरी घालणारा आपला होळकरी सरकारी ताजिया ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या उचलण्यामागचा भाव ओळखता येईल.

शत्रूंनी जे केले नाही ते थोडेबहुत आधुनिकतेने केले. १९३० च्या दशकात जुन्या मातीच्या पेठांतून सरळ रुंद रस्ते काढले गेले आणि कित्येक बोळ मधोमध कापले गेले. तरीही उरले ते इतके सलग होते की २०१७ मध्ये युनेस्कोने जुने शहर जागतिक वारसा म्हणून घोषित केले.

जाता जाता, सराफ्यात फिरणाऱ्या इंदूरकराची यझ्दमध्ये उपासमार होणार नाही. बदामाचे सारण भरून तळलेले आणि पिठीसाखरेत घोळवलेले कोत्ताब, सोनपापडीच्या जातीचे पश्मक आणि वेलचीची बाकलावा यांसाठी हे शहर इराणभर प्रसिद्ध आहे.

प्रश्न : वास्तुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बादगीर खरोखर घर थंड करतात की ती पर्यटकांना सांगण्याची गोष्ट? इंदुरात एखाद्या घरावर बांधला तर चालेल का? (एक विद्यार्थिनी, इंदूर)

उत्तर : बाद म्हणजे वारा (संस्कृत ‘वात’ त्याचाच आप्त) आणि गीर म्हणजे पकडणारा. छपरावर उभा केलेला हा मनोरा आतून उभ्या पडद्यांनी विभागलेला असतो. वाऱ्याच्या बाजूच्या कप्प्यांतून हवा खाली ढकलली जाते आणि विरुद्ध बाजूच्या कप्प्यांतून घरातील तापलेली हवा ओढून बाहेर निघते. वारा पडलेला असला तर तापलेली हलकी हवा मनोऱ्यातून वर चढत राहते आणि निदान कोंडमारा होत नाही. खाली हौद किंवा तळघरातून जाणारी कनात असली तर कोरडी हवा पाण्यावरून जाताना आणखी थंड होते. अर्दकानकडे वारा ठरावीक दिशेने येतो म्हणून तेथील बादगीर बहुधा एकमुखी असतात. यझ्दमध्ये ते चहूबाजूंनी उघडे बांधतात. अठराव्या शतकातील दौलताबाद बागेतील अष्टकोनी बादगीर तेहतीस मीटरांहून उंच असून तो जगातील सर्वांत उंच समजला जातो.

तरी एकट्या बादगीराला श्रेय देऊ नये. हात-हात जाडीच्या कच्च्या विटांच्या भिंती, त्यांवर माती आणि भुसा यांचा गिलावा, अंगणाच्या एका बाजूला उन्हाळ्याच्या आणि दुसऱ्या बाजूला हिवाळ्याच्या खोल्या, जमिनीच्या पातळीखाली नेलेला बागेचा चौक, आणि वरून कमानी टाकून सावली केलेले अरुंद बोळ, या साऱ्यांची ती एकत्र करामत आहे. घराचे बिऱ्हाडच ऋतूप्रमाणे अंगणाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला हलत असे. पाणी साठवण्याच्या घुमटाकार टाक्यांवरही बादगीर असत. त्या टाकीला आब-अंबार म्हणतात. आपण धान्याचे अंबार म्हणतो, पन्हाळ्याच्या कोठारांना अंबारखाना म्हणतो, त्यातलाच हा अंबार. एका प्रसिद्ध टाकीवर तर सहा बादगीर आहेत. थंडीत उथळ खाचरांत पाणी गोठवून ते बर्फ मातीच्या घुमटाखाली उन्हाळ्यापर्यंत जपणारी यखचालही याच विद्येची; मेयबोद आणि अबरकूह येथील पाहण्यासारखी आहेत.

इंदूरपुरते सांगायचे तर एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत बादगीर आपले काम करील, पण जुलैपासून हवेतच ओल असल्याने पाण्यावरून वारा नेऊन गारवा मिळणार नाही आणि वरून पाऊस आत येईल तो वेगळाच. माळव्यातील जुन्या वाड्यांनी चौक, पडवी आणि जाड भिंती घेतल्या, बादगीर घेतला नाही, त्यामागे काही विचार असावा. आपल्या प्रकल्पासाठी एखाद्या वाड्याच्या चौकातील आणि बाहेरच्या रस्त्यावरील तापमान मेमध्ये आठवडाभर रोज मोजून पाहावे असे सुचवतो.

प्रश्न : आजही यझ्दला कनातींचेच पाणी मिळते का? (एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

उत्तर : पिण्यापुरते म्हटले तर मुख्यतः नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खोल विहिरी आणि पंप आले. कनात जमीन जितके पाणी देईल तितकेच घेते. पंपाला तो संकोच नाही. भूजलाची पातळी खाली गेली, मातृविहिरी उघड्या पडल्या आणि पुष्कळ कनाती आटल्या. मीर-आबची वाटी यझ्दच्या पाणी-संग्रहालयात गेली. हे संग्रहालय २००० मध्ये एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात सुरू झाले. काही कनाती अजून वाहतात आणि त्यांवर बागा व शेते जगतात, हेही खरे.

शहराची तहान मात्र १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तीनशे किलोमीटरांहून लांब नळाने, इस्फहान प्रांतातील झायंदेरूद नदीच्या पाण्यावर भागवली जाते. हे पाणी वाळवंट ओलांडून येते, जसे आपल्याकडे सत्तरच्या दशकाअखेरपासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचे पाणी विंध्याचा चढ चढून येते. आपल्यातील अनेकांना बिलावली आणि यशवंतसागरावर भागणारे इंदूर आणि नर्मदेसाठी झालेले आंदोलन आठवत असेल. फरक एवढाच की नर्मदा अजून वाहती आहे. झायंदेरूद इस्फहानमध्येच वर्षातील कित्येक महिने कोरडी पडू लागली, आणि आपली शेते करपत असताना आपल्या शेजारून पाणी यझ्दला जाते हे पूर्व इस्फहानच्या शेतकऱ्यांना पाहवेना. २०१३ मध्ये त्यांनी हा नळ फोडला, आणि नंतरही तो पुन्हा फोडला गेला. त्या दिवसांत यझ्दमध्ये टँकर फिरले आणि घरोघर माणसे बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली.